२१६ काढून २३५ बसवू का? १९५१ च्या शेवरोले पिकअपबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही इंडियानात राहता. १९५१ ची शेवरोले ३१००, म्हणजे अर्धा टनी पिकअप, घेतली आहे. आत मूळचं २१६ घनइंची, एका रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन आहे आणि ते चढावर ठोकतं. शेजारच्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये १९५९ च्या ट्रकमधून उतरवलेलं २३५ पडून आहे आणि तो ते स्वस्तात द्यायला तयार आहे. तुम्ही विचारता, ते सरळ बसेल का, की त्यापेक्षा शेवरोलेचंच नंतरचं सहा सिलिंडरचं २५० किंवा व्ही-एट टाकावं? शिवाय गाडी हायवेवर ताशी ६५ मैलांनी पळावी अशी इच्छा आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकलो आणि आता मिशिगनमध्ये जुन्या ट्रकांची इंजिनं करतो. माझं मत आधीच सांगतो: तुमच्या गाडीला २३५ सारखं दुसरं इंजिन नाही. पण तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न घातले आहेत. ठोका कसला आहे, इंजिनात तेल कसं फिरतं आणि ६५ चा वेग कशाने मिळतो. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. ती एकत्र केली तर इंजिन बदलूनही गाडी होती तशीच वाटेल.

आधी ठोका. फक्त चढावर, जोर दिल्यावर आवाज येतो म्हणता, तर पहिला संशय टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर, घ्या. या इंजिनाच्या टायमिंगची खूण पुढच्या पुलीवर नसते, मागे फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकावरच्या जड चाकावर, असते. बेल हाउसिंगला (फ्लायव्हील आणि क्लचवरच्या आवरणाला) उजव्या बाजूला एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून बघितलं की फ्लायव्हीलमध्ये ठोकून बसवलेली पोलादी गोळी दिसते. टायमिंग लाइट लावून संथ चालीवर ती गोळी काट्यासमोर येते का बघा. गंज आणि ग्रीस चढून ती दिसेनाशी होते, म्हणून आधी तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. डिस्ट्रिब्युटरखाली पेट्रोलच्या प्रतीप्रमाणे टायमिंग मागेपुढे करायची पट्टी असते, तीही कुणी एका टोकाला ओढून ठेवलेली असू शकते. ती नीट केल्यावर आवाज गेला तर इंजिन बदलायची घाई उरत नाही.

आवाज गेला नाही तर इंजिन गरम करा, थोडा ॲक्सिलरेटर धरा आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढत जा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मऊ पडतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ढिलं आहे. कुठलीही वायर काढून फरक पडत नसेल आणि आवाज खोल, जड, जमिनीतून आल्यासारखा असेल, तर मेन बेअरिंग बघायला हवं. थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर शांत, हा पिस्टनचा खेळ असतो. त्याच्यासोबत गाडी बरेच दिवस चालते.

रॉडचा ठोका निघाला तर २१६ आतून कसं आहे हे कळायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. या इंजिनात तेलाचा पंप आहे आणि तो मेन बेअरिंगला, कॅमशाफ्टला दाबाने तेल पोचवतो. रॉडच्या बेअरिंगला मात्र दाबाचं तेल जात नाही. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, आत प्रत्येक रॉडखाली एक पन्हळ आहे आणि रॉडच्या टोपीला खाली एक छोटा चमचा आहे. रॉड खाली आला की चमचा पन्हळीतलं तेल उचलतो. वेग वाढला की चेंबरमधल्या नळ्यांतून उडणारी तेलाची धार त्या चमच्यावर बसते. नळीचं तोंड किंचित वाकलं तर धार चुकते आणि तो रॉड हायवेवर उपाशी राहतो. चेंबर उतरवताना आपटला की नेमकं हेच होतं. म्हणून या इंजिनाच्या चेंबरला झाकण समजून हाताळू नका, तो ऑइलिंगचाच भाग आहे.

बेअरिंगही आजच्यासारखी निघणारी शेल, म्हणजे सुट्या अर्धगोल वाट्या, नाहीत. रॉडच्या पोटातच व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) ओतून, बोअर करून ती केलेली आहेत. आपल्याकडे हे काम करणारे कारागीर मी लहानपणी पाहिले. वितळलेल्या धातूचा रंग बघून तापमान सांगत. अमेरिकेत आता असे हात थोडे उरले आहेत, काम महाग आहे आणि रांग लांब आहे. जमेची बाजू अशी की रॉड आणि टोपीच्या मध्ये पातळ शिम, म्हणजे पत्र्याचे तुकडे, असतात. व्हाइट मेटल तडकलं नसेल, नुसतं झिजलं असेल, तर एकेक शिम काढून गाळा, म्हणजे मधली फट, परत बरोबर करता येतो. चेंबर उतरवून हे काम गाडीतच होतं. प्लास्टिगेज (दाबला की फट दाखवणारा प्लास्टिकचा धागा) ठेवून गाळा मोजा, अंदाजाने घट्ट करू नका.

तेलाचा काटाही याच कारणाने कमी दाखवतो. मूळ मीटर ० ते ३० पाउंडांचाच आहे आणि चालत्या गाडीत साधारण १४-१५ पाउंड दिसले तर २१६ साठी ते ठीक. संथ चालीवर काटा खाली बसला म्हणून घाबरू नका.

गाडी गावातल्या गावात, शेतरस्त्यावर, ४५ मैलांपर्यंत चालवायची असेल तर मी २१६ च ठेवीन, शिम काढून, नळ्या नेमून. या चालीला ते गोड, शांत इंजिन आहे आणि गाडीचं मूळ रूप टिकतं. हायवेवर रोज जायचं असेल तर मात्र ठेवणार नाही. चमच्याने तेल पिणाऱ्या रॉडला तासन्‌तास तीन हजार फेऱ्यांवर फिरवायला माझं मन धजत नाही.

आता २३५. तो आकडा ऐकून पैसे देऊ नका. शेवरोलेने मोठ्या ट्रकांसाठी २३५ १९४१ पासून बनवलं आणि १९५३ पर्यंतची ट्रकमधली २३५ हीसुद्धा व्हाइट मेटल आणि चमच्याचीच आहेत. तसं २३५ आणलंत तर आत्ताचाच आजार मोठ्या मापात घरी येईल. १९५३ मध्ये पॉवरग्लाइड या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मोटारींत पहिल्यांदा शेल बेअरिंग आणि रॉडपर्यंत दाबाचं तेल आलं. १९५४ पासून सगळ्या २३५ मध्ये आलं. तुम्हाला तेच हवं आहे.

शेतकरी १९५९ म्हणतो ते त्याच्या ट्रकचं साल असेल, इंजिनाचं असेलच असं नाही. शेतावर इंजिनं एका गाडीतून दुसरीत सर्रास गेली आहेत. बाहेरून पहिली खूण म्हणजे प्लगच्या बाजूचं पुशरॉडवरचं पत्र्याचं झाकण. जुन्या पद्धतीच्या इंजिनात ते उंच असतं, हेडच्या अंगावर चढून प्लगभोवती येतं. १९५४ नंतरच्यात ते आखूड, फक्त ब्लॉकपुरतं असतं. ही खूण संशय घालवायला पुरेशी नाही, म्हणून ब्लॉकमध्ये ओतलेला क्रमांक आणि डिस्ट्रिब्युटरजवळ ठोकून उमटवलेला क्रमांक, दोन्ही तारेच्या ब्रशने साफ करून लिहून घ्या आणि जुळवा. पैसे त्यानंतर.

क्रमांक जुळल्यावर तडे बघा. तुमच्याकडच्या थंडीत हे सगळ्यांत महत्त्वाचं. शेडमध्ये ठेवताना कुणी पाणी काढलं नसेल तर एका कडक हिवाळ्यात ब्लॉक बाहेरून फुटतो. पुशरॉडचं झाकण काढून आतली भिंत बॅटरीच्या उजेडात बघा. तिथली तड बाहेरून दिसत नाही, फक्त तेलात पाणी उतरतं तेव्हा कळते. २३५ च्या हेडला व्हॉल्व्हच्या बैठकींमध्ये तडा जाण्याची खोड आहे. हेड मशीन शॉपला देऊन मॅग्नाफ्लक्स, म्हणजे चुंबकाने तडे शोधायची तपासणी, करून घ्या. व्हॉल्व्ह ग्राइंड करून मग तड सापडली तर मजुरी वाया जाते. चेंबर उघडून एक-दोन रॉडच्या टोप्या काढा. शेलच्या पाठीवर जास्तीचं माप छापलेलं असतं, त्यावरून क्रँक आधी घासला आहे का आणि किती, ते कळतं.

एवढं बरं निघालं तर इंजिन घ्या. ते गाडीत उतरवणं अवघड नाही. काम आहे ते त्याच्या तोंडाशी आणि शेपटीशी.

तोंडाशी तीन गोष्टी. १९५५ पासून २३५ चा वॉटर पंप बदलला, तो आखूड झाला. तुमच्या गाडीचा रेडिएटर, पंखा आणि बेल्टची रेघ हे सगळं जुन्या पंपाला धरून आहे. म्हणून तुमचा २१६ चा पंपच नव्या ब्लॉकवर बसवायचा असतो, पण पाण्याची भोकं जुळत नाहीत. त्यासाठी मध्ये घालायची ॲडॅप्टर प्लेट तयार मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग आणि सीलंट नीट लावा, ती कायम तिथूनच गळते. दुसरी गोष्ट बेल्टची. जुना बेल्ट रुंद, नंतरचा अरुंद. क्रँकवरची पुली, पंपाची पुली आणि डायनामोची पुली तिन्ही एकाच रुंदीच्या आणि एका रेषेत हव्यात. सरळ पट्टी लावून बघा.

तिसरी गोष्ट पुढच्या माउंटची, आणि इथे लोकांचे दिवस जातात. तुमच्या गाडीत इंजिन पुढे, टायमिंग कव्हरच्या खाली टेकतं. पुढच्या प्लेटची भोकं तुमच्या माउंटशी जुळतात का हे इंजिन स्टँडवर असतानाच बघून घ्या. जुळत नसतील तर प्लेट बदलायची, आणि प्लेट काढायला कॅमशाफ्ट बाहेर घ्यावा लागतो, कारण त्याचं गिअर दाबून बसवलेलं आहे. त्या गिअरच्या भोकांतूनच मागच्या थ्रस्ट प्लेटचे दोन स्क्रू दिसतात, ते सोडायचे. टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे खुंट) आधी काढायला विसरू नका. हे टेबलवर दुपारभराचं काम आहे, इंजिन गाडीत लटकलेलं असताना फार हाल होतात.

शेपटीशी नियम सोपा: तुमच्या गाडीचं जे आहे तेच ठेवा. १९४७ ते १९५५ च्या सुरुवातीपर्यंतच्या या ट्रकांत मागचे इंजिन माउंट बेल हाउसिंगवर आहेत, म्हणून बेल हाउसिंग तुमचंच लागणार. फ्लायव्हील आणि सेल्फही २१६ चेच घ्या. सहा व्होल्टच्या फ्लायव्हीलच्या रिंग गिअरला १३९ दात असतात, बारा व्होल्टच्याला १६८. एकाचं फ्लायव्हील आणि दुसऱ्याचा सेल्फ लावलात तर पहिल्याच दिवशी दात खातील. फ्लायव्हील काढलंच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या मागच्या टोकातलं पायलट बुश बदला. बुश दहा मिनिटांचं काम आहे, पण नंतर करायचं तर सगळं परत उतरवावं लागतं. मागचं ऑइल सीलही याच वेळी.

या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट उघडा नाही, तो जाड नळीत बंद आहे आणि ती नळी गिअरबॉक्सच्या मागे गोळ्यावर टेकते. म्हणून इंजिन मागेपुढे सरकवून "बसवून घेऊ" हा विचार इथे चालत नाही. मी आधी केबिनमधल्या फळीतून गिअरबॉक्स काढतो, मग रेडिएटर आणि पुढचा पत्रा, मग इंजिन. होइस्टने उचलताना एक सांगतो. हे इंजिन पाव टनाहून बरंच जड आहे आणि होइस्टवर लिहिलेले दोन टन हात पूर्ण आखूड असतानाचे असतात. हात लांब केला की ती ताकद चौथाईवर येते. साखळी हेडच्या बोल्टला बांधा, मॅनिफोल्डला कधीही नाही, आणि इंजिनाखाली हात-पाय घालू नका.

बारीकसारीक गोष्टींत तेलाचा मीटर बदला, नव्या इंजिनाला ० ते ६० चा हवा. पाण्याच्या तापमानाच्या मीटरची नळी तांब्याची, आत इथर भरलेली असते. ती मुडपली किंवा कापली की मीटर गेला. नव्या हेडमधलं भोक अनेकदा वेगळ्या मापाचं निघतं, ॲडॅप्टर घ्या, नळीवर जोर करू नका. एक्झॉस्टचं तोंड स्टिअरिंग बॉक्स आणि चासीपासून कुठे येतं ते इंजिन उतरवण्याआधी मोजा. बारा व्होल्ट करायचे की नाही हे तुम्ही ठरवा. सहा व्होल्टवर २३५ उत्तम चालू होतं, पण केबल जाड हव्यात आणि अर्थिंग धातूवर स्वच्छ हवं. सहा व्होल्टच्या गाड्यांना बारा व्होल्टची पातळ केबल लावून "सेल्फ दमतो" म्हणणारे खूप येतात.

आता वेगाचं. १९५१ च्या २१६ ची ताकद ९२ हॉर्सपॉवर, १९५९ च्या ट्रकमधल्या २३५ ची साधारण १३५. फरक चढावर लगेच जाणवेल. पण तुमच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४.११ आहे, म्हणजे शाफ्टच्या ४.११ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. १६ इंची मूळ टायरांवर ५५ मैलांना इंजिन साधारण २,७५० फेऱ्या मारतं आणि ६५ ला सव्वातीन हजारांच्या आसपास. कुठलंही इंजिन टाका, हा हिशेब तोच राहतो. २३५ हे सहन करेल, पण तुमच्या कानांना तासाभरात नको होईल. त्यावर उपाय मागे आहे. याच जुन्या हाउसिंगसाठी ३.५५ चा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दात्यांची जोडी) मिळतो, त्याने ६५ मैलांना इंजिन साधारण २,८०० वर येतं आणि बंद शाफ्टही तसाच राहतो. आधी इंजिन बसवा, काही महिने चालवा, मग तो खर्च ठरवा. आणि ६५ ने पळवण्याआधी ब्रेक बघा. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. नळ्या आणि रबरी होज जुने असतील तर ते इंजिनाच्याही आधी बदला.

२५० चांगलं इंजिन आहे. क्रँकला सात मेन बेअरिंग आहेत, २३५ ला चारच. सुटे भाग कुठेही मिळतात. पण ते वेगळ्या घराण्याचं आहे. त्याची मागची बाजू नंतरच्या शेवरोलेच्या मापाची, म्हणजे बेल हाउसिंग बदलणार, मग मागचे माउंट नव्याने करायचे, मग गिअरबॉक्स, मग बंद शाफ्ट काढून उघडा शाफ्ट, मग मागचा ॲक्सल. पाच गिअरचा टी-५ गिअरबॉक्स टाकायचाच असेल तर हा सगळा मार्ग योग्य आहे आणि मग २५० च घ्या. व्ही-एटलाही हीच साखळी, वर स्टिअरिंग आणि एक्झॉस्टची अडचण. त्या जागी सहा सिलिंडरच शोभतं असं मला मनापासून वाटतं, पण तो माझा जीव या इंजिनांवर आहे म्हणून. पैशाचा आणि वेळेचा हिशेब मात्र जीव नसलेल्यानेही मांडला तरी २३५ कडेच झुकतो. त्याच घराण्यातलं २६१ कुठे मिळालं तर तेही बसतं. फक्त त्याचे सिलिंडर एकमेकांना चिकटलेले असल्याने मध्ये वाफेची भोकं आहेत. त्यावर २३५ चं हेड ठेवायचं तर हेडलाही ती भोकं पाडावी लागतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण इंजिन उतरवायच्या आधी करायची आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत त्या काळच्या गाड्या इंजिनाच्या क्रमांकावर नोंदवलेल्या आहेत. तुमच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, दरवाजाजवळच्या पट्टीचा क्रमांक आहे की २१६ च्या ब्लॉकचा, ते आज बघा. इंजिनाचा असेल तर ब्लॉक गाडीत असतानाच तुमच्या राज्याच्या मोटार वाहन कचेरीत जाऊन पट्टीच्या क्रमांकावर नोंद बदलून घ्या. ब्लॉक भंगारात गेल्यावर हेच काम करायला मालकी सिद्ध करत फिरावं लागतं. २१६ भंगारात देऊही नका. शेवरोलेचे हेच ट्रक १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीलाही जोडले जात, आणि ही इंजिनं मूळ रूपात ठेवणारे लोक दोन्ही देशांत आहेत. तडा नसलेला ब्लॉक आणि चांगले रॉड त्यांना हवेच असतात.

पहिल्यांदा चालू करताना डिस्ट्रिब्युटर बाहेर काढा. त्याचा दांडा खाली तेलाच्या पंपाला फिरवतो, म्हणून त्याच भोकातून चपट्या टोकाची सळई ड्रिल मशीनला लावून पंप फिरवता येतो. मीटरवर दाब दिसेपर्यंत फिरवा. हातात लगेच कळतं, तेल भरलं की ड्रिल जड होतं. मग क्रँक थोडा थोडा फिरवून परत पंप चालवा, म्हणजे वर रॉकरपर्यंत तेल पोचेल. या इंजिनात रॉकरकडे जाणारी वाट बारीक आहे आणि वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर ती बुजते. गाडी चालू झाल्यावर वरचं झाकण काढून संथ चालीवर प्रत्येक रॉकरवर तेल ओघळतंय का ते बघा. कोरडा रॉकर दिसला तर तिथेच थांबा आणि वाट साफ करा. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर पहिली वीस मिनिटं संथ चालीवर सोडू नका, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवा आणि सपाट टॅपेटच्या इंजिनांसाठी जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेल घाला.

तर या शनिवारी टायमिंगची गोळी, मग वायर काढून ठोक्याचा सिलिंडर, आणि शेतकऱ्याकडे जाऊन ब्लॉकचे दोन्ही क्रमांक आणि पुशरॉडच्या झाकणाचा फोटो. ते पाठवा, इंजिन कुठल्या सालचं आहे ते मी सांगतो. त्याला तोवर आगाऊ पैसे देऊ नका.